पिकअपच्या कॅनॉपीची मागची काच फुटली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनॉपीची मागची काच फुटते ती एका क्षणात. फट्कन आवाज होतो आणि हौद्यात, फाळक्यावर, जमिनीवर तुरटीच्या खड्यांसारखा चुरा पसरतो. मग जो तो विचारतो, नवी काच कुठे मिळेल? माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही फुटली कशाने? माझ्या गाडीची काच पहिल्यांदा फुटली तेव्हा मी तो विचारला नाही. नवी काच आणली, बसवली आणि तिसऱ्या आठवड्यात तीही गेली. हँडलच्या बोल्टभोवतीचा नायलॉनचा बुश (काचेच्या भोकात बसणारी छोटी नळी) तुटलेला होता आणि बोल्टचे आटे थेट काचेच्या भोकाला घासत होते. दोन मिनिटं नीट बघितलं असतं तर दिसलं असतं. म्हणून खालच्या उत्तरांत काच बसवण्याइतकाच भर कारण शोधण्यावर आहे.

शब्दांबद्दल थोडं. हौदा म्हणजे पिकअपच्या मागची माल भरायची जागा. कॅनॉपी म्हणजे हौद्यावर बसणारं फायबरचं, अ‍ॅल्युमिनियमचं किंवा पत्र्याचं बंद छत. फाळका म्हणजे हौद्याचं खाली उघडणारं मागचं दार. त्याच्या वर जे वरच्या बाजूला उचलून उघडतं ते कॅनॉपीचं मागचं दार, आणि इथे बोलायचं आहे ते त्याच्या काचेबद्दल.

काच फुटली. आता सगळ्यात आधी काय करू?

आधी फोटो काढा. दाराची चौकट, बिजागऱ्या, हँडल, खाली पडलेला चुरा, सगळ्याचे. विम्यासाठी ते लागतीलच, पण कारण शोधायलाही लागतील. कॅनॉपी गाडीसोबत आलेली नसून नंतर बसवलेली असेल, तर विम्यात तिची वेगळी नोंद आहे का तेही तेव्हाच बघून घ्या.

मग जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, काचेचे तुकडे बोथट असतात असं म्हणतात, ते साध्या काचेच्या मानाने खरं आहे, पण बोटाला चिरे पडायला तेवढे पुरतात. चौकटीत अडकलेले तुकडे आतून बाहेर ढकलून पाडा, खाली जुनी चादर अंथरा. कापडाने पुसू नका. कापडात अडकलेला एक खडा रंगावर लांबलचक ओरखडा काढतो. ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरा, शेवटी चिकटपट्टीची चिकट बाजू दाबून बारीक कण उचला.

दोन जागा हमखास राहून जातात. एक म्हणजे फाळका आणि हौद्याच्या तळामधली फट. फाळका उघडा टाकला की खडे तिथे जाऊन बसतात आणि पुढे कधीतरी फाळका बंद करताना करकरतात. दुसरी म्हणजे रबर बीडिंगची, म्हणजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीची, खाच. नवी काच याच खाचेत किंवा हिच्यावर टेकणार आहे, तिथे एक जरी खडा राहिला तरी त्या एका बिंदूवर दाब येतो.

चुरा टाकून देण्याआधी त्यातले चार-पाच खडे, हँडल, बिजागऱ्या आणि गॅस शॉकच्या (दार वर उचलून धरणाऱ्या, गॅस भरलेल्या नळ्यांच्या) टोकाच्या गोळ्या बाजूला काढून ठेवा. हँडल-बिजागऱ्यांना काचेचा तुकडा चिकटून राहिला असेल तर तो मुळीच काढू नका. का, ते मापाच्या प्रश्नात सांगतो.

फुटलेली काच, निदान गेलेला तडा, भरता येत नाही का? पुढच्या काचेचा टवका तर भरतात.

गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे टवका बाहेरच्या काचेपुरता राहतो आणि त्यात रेझिन भरता येतं. कॅनॉपीची मागची काच बहुतेक वेळा टफन असते. ती भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली तर गाभा कायमचा ताणाखाली राहतो. हीच तिची ताकद. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट भार सोसते. पण टवका वरचा दाबाचा थर ओलांडून गाभ्यापर्यंत गेला की सगळा साठलेला ताण एकदम सुटतो आणि पूर्ण काच खडे होऊन पडते. तिच्यात अर्धवट तडा राहूच शकत नाही. भरायला काही उरत नाही.

म्हणून उलटंही ओळखता येतं. तुमच्या दाराला लांब तडा गेला आहे आणि तरी काच जागेवर उभी आहे, तर ती टफन नाही. लॅमिनेटेड तरी आहे, साधी काच तरी किंवा अ‍ॅक्रिलिक-पॉलीकार्बोनेटसारखं पारदर्शक प्लॅस्टिक तरी. अ‍ॅक्रिलिक असेल तर तड्याच्या टोकाला ३ मिमीचं छोटं भोक पाडून तडा पुढे सरकणं थांबवता येतं. काही दिवस निघतात, इतकंच.

कुणी हातही लावला नाही आणि उभ्या गाडीची काच फुटली. असं होतं?

होतं, आणि ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. टफन काचेला कडेला बसलेला मार लगेच दिसतोच असं नाही. सकाळी पाइपचं टोक कडेला टेकलं, बारीक टवका उडाला आणि दुपारी ऊन तापल्यावर काच गेली, असं घडतं. क्वचित काचेत बनतानाच अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण काळाच्या ओघात फुगतो आणि कारणाशिवाय काच फुटते. पण हे शेवटी धरायचं कारण. त्याआधी तपासायला बरंच काही आहे.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त काचा जातात त्या फाळक्यामुळे. बहुतेक कॅनॉप्यांचं काचेचं दार फाळक्याच्या वरच्या कडेवर बाहेरून येऊन बसतं. त्यामुळे उघडताना आधी काच, मग फाळका. लावताना आधी फाळका, मग काच. कुणी मदतीच्या भरात काच आधी खाली ओढली आणि मग फाळका उचलून आपटला की फाळक्याची कड सरळ काचेच्या खालच्या कडेवर बसते. टफन काच मधोमध हाताच्या थपडेने फुटत नाही, पण कडेवर बसलेला छोटा धातूचा मार तिला पुरतो.

दुसरं कारण हँडल आणि बिजागऱ्यांचे बोल्ट. जिथे जिथे बोल्ट काचेतून जातो तिथे भोकात बुश आणि दोन्ही बाजूंना रबराचा किंवा नायलॉनचा वायसर हवा. धातू काचेला कुठेही लागता कामा नये. बुश वाळून तुटला किंवा कुणी बोल्ट जीव खाऊन आवळला की भोकाच्या काठावर ताण साचत राहतो.

तिसरं, पीळ. काही दारांना दोन्ही बाजूंना वेगळी हँडलं असतात. घाईत एकच लावलं आणि दुसरं सुटं ठेवून खडबडीत रस्त्यावर गाडी चालवली, तर काच एका कोपऱ्याला बांधलेली आणि दुसऱ्याला मोकळी अशी हलत राहते. कॅनॉपी हौद्यावर वाकडी बसली असेल तरी हेच होतं. मागच्या उघड्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोघांत पाच-सात मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी कॅनॉपीचे क्लॅम्प सैल करा, खालची फोमची पट्टी सगळीकडे सारखी आहे का ते बघा आणि क्लॅम्प समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. चौकट सरळ झाल्याशिवाय नव्या काचेचं माप घेऊच नका.

मग मरगळलेले गॅस शॉक. दार वर थांबत नाही, धाडकन खाली येतं, आपण ते काही महिने डोक्याने-खांद्याने झेलत राहतो आणि एक दिवस झेलायचं राहतं.

मागची बाजू उघडी ठेवून गाडी चालवली तर चालेल का?

जवळच्या अंतराला, हौदा रिकामा असेल तर. पण एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, आणि कुणाला ती माहीत नसते. बंद छताची गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर तिथे घोटाळतो. मागची काच नसेल तर तो धूर कॅनॉपीच्या आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. कॅनॉपी आणि केबिन यांच्यामध्ये सरकती खिडकी किंवा रबराचा जोड असेल तर तो वायू केबिनमध्येही येतो. म्हणून मधली खिडकी पक्की बंद ठेवा, केबिनच्या काचा उघड्या ठेवा आणि कॅनॉपीत माणूस किंवा जनावर कधीच बसवू नका. डोकं जड झालं, मळमळलं तर गाडी थांबवून लगेच मोकळ्या हवेत उतरा. लांबच्या प्रवासाला या अवस्थेत निघू नका.

तात्पुरतं काय लावावं?

नुसतं प्लॅस्टिक ताणून चिकटवलं तर वेगात ते फडफडून सुटतं. पोकळ नालीदार प्लॅस्टिकची शीट, ज्यावर जाहिरातीचे फलक छापतात ती, चौकटीपेक्षा चारही बाजूंनी थोडी मोठी कापा. कडा चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर नाल्यांतून पाणी आत जातं. रंगावर थेट जाड कापडी टेप लावू नका. उन्हात दोन दिवस राहिली की डिंक रंगावर बसतो आणि काढताना रंगही निघू शकतो. आधी रंगाऱ्यांची कागदी मास्किंग टेप, तिच्यावर जाड टेप. मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना, एवढं बघा.

माझं दार कोणत्या प्रकारचं आहे ते कसं ओळखू?

उघडून बाजूने बघा. काचेला चारही बाजूंनी चौकटच नसेल आणि बिजागऱ्या, हँडल, गॅस शॉक सगळं काचेलाच बोल्टने लावलेलं असेल, तर ते बिनचौकटीचं पूर्ण काचेचं दार. काच अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत रबराच्या आधाराने बसलेली असेल तर चौकटीचं. फायबरच्या दारात खिडकीसारखी काच असेल तर ती जाड रबर बीडिंगमध्ये बसवलेली किंवा काळ्या चिकट सीलंटने डकवलेली असते. नखाने कड दाबून बघा: बीडिंग हलतं, सीलंट हलत नाही.

दुरुस्तीची पद्धत यावरच ठरते. यात बिनचौकटीचं दार सगळ्यात अवघड, कारण तिथे काच हेच दार असतं आणि भोकं चुकली की काच वाया.

नवी काच मिळते कुठून?

कॅनॉपीच्या आत स्टिकर शोधा. पुढच्या भिंतीवर, बाजूच्या भिंतीवर किंवा मागच्या चौकटीजवळ तो असतो आणि त्यावर मॉडेल व अनुक्रमांक असतो. तो मिळाला तर बनवणाऱ्या कंपनीकडून तीच काच, कधी बिजागऱ्यांसकट पूर्ण दार, मागवता येतं. काच सपाट असेल तर टफन काच बनवणाऱ्या कारखान्यात मापाने करून घेता येते. तिसरा मार्ग जुन्या कॅनॉपीचं दार. ते घेताना चारही कडांवरून हातमोजा घालून बोट फिरवा. जिथे टवका लागेल ती काच सोडून द्या, कितीही चांगली दिसली तरी.

काचेचा चुरा झाला. आता माप कशाचं घेऊ?

या उत्तराला वेळ द्या, कारण टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, घासून कमी करता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. कापणं, कडा घासणं, भोकं पाडणं हे सगळं भट्टीत जाण्याआधी होतं. मापात चूक झाली तर ती काच दुसऱ्या कुठल्याच कामाची राहत नाही.

जाडी चुऱ्यातूनच मिळते. खड्यांचे दोन्ही सपाट पृष्ठभाग शाबूत असतात. चार-पाच खडे घेऊन व्हर्नियर कॅलिपरने मोजा. अशा काचा बहुतेक ४ ते ६ मिमीच्या असतात. अंदाजाने सांगू नका, कारण बुशची उंची आणि कुलुपाची पकड जाडीवर ठरलेली असते. भोकाचा व्यास हँडलला चिकटून राहिलेल्या तुकड्यावर सापडतो, म्हणून तो जपून ठेवायचा. तुकडा नसेल तर बुशचा बाहेरचा व्यास घ्या, बोल्टचा नव्हे. भोक बोल्टपेक्षा मोठं असतं.

बाहेरचा आकार कॅनॉपीवरच उमटलेला असतो. रबराच्या बाहेर धुळीची एक रेघ दिसते, काच कुठवर येत होती ते ती दाखवते. दिवा तिरका धरला की ती जास्त स्पष्ट होते. तिच्यावर कागद चिकटवून पेन्सिलीने उतरवून घ्या. कोपऱ्यांची गोलाई विसरू नका.

आता भोकांच्या जागा. इथे मी कागदावर विसंबत नाही. ६ मिमीच्या प्लायवूडचं हुबेहूब दार बनवतो. बिजागऱ्यांची भोकं पाडतो, टांगतो, हलवून बघतो, मग हँडलची जागा कुलुपाच्या पट्ट्यांवरून धरतो. हँडल फिरवून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्यांच्या घरात सहज जातात का ते पाहतो. चुकलं तर प्लायवूडमध्ये नवं भोक पाडायला एक मिनिट लागतो. शेवटी गॅस शॉक, पण दोन्ही एकदम लावू नका. काचेचं वजन दर मिमी जाडीला एका चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे १२०० बाय ५०० मिमीची ५ मिमी काच साडेसात किलोची. तेवढं प्लायवूड जेमतेम दोन किलोचं. दोन शॉक मिळून ते उडवून देतील किंवा वाकवतील. एकच लावा, दार हाताने धरून ठेवा आणि फक्त गोळीची जागा पक्की करा.

हे प्लायवूडचं दार पूर्ण जमलं की तेच कारखान्यात नमुना म्हणून द्या. बाहेरची बाजू कोणती ते त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. सोबत कागदावर जाडी, प्रत्येक भोकाचा व्यास, रंगछटा आणि सगळ्या कडा घासून गुळगुळीत हव्यात हे लिहून द्या. साधारण नियम असा की भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नसावा आणि भोकाचा काठ काचेच्या कडेपासून जाडीच्या दुप्पट तरी आत असावा. तुमच्या नमुन्यात भोक याहून कडेला जात असेल तर काहीतरी चुकलं आहे, पुन्हा मोजा.

माझी काच बाहेर फुगीर होती. तिच्या जागी सपाट चालेल?

नाही. फुगीर चौकटीवर सपाट काच टेकते ती दोन-तीन ठिकाणी, बाकी फट राहते, आणि हँडल आवळून ती बंद करायला गेलात तर काच कायम वाकलेल्या अवस्थेत राहते. फुगीर काच साच्यावर वाकवून टफन करावी लागते, एकाच नगासाठी साचा बनवणं सहसा जमत नाही. अशा वेळी मूळ कंपनी किंवा जुनं दार हेच मार्ग. फुगवटा मोजायचा तर चौकटीच्या दोन टोकांना दोरी ताणा आणि मध्यावर दोरीपासूनचं अंतर घ्या.

काचेऐवजी पॉलीकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिक?

पॉलीकार्बोनेट मला आवडतं, पण त्याच्या अटी पाळणार असाल तरच. ते घरी कापता येतं, भोक पाडता येतं, फुटत जवळजवळ नाहीच, आणि वजन काचेच्या निम्म्याहून कमी. सूर्यप्रकाश सोसणारा थर असलेलीच शीट घ्या, थराची बाजू बाहेर. नाहीतर ती पिवळी पडते. ओरखडे मात्र पटकन येतात, सुक्या कापडाने धूळ पुसली तरी.

लोक फसतात ते उष्णतेत. पॉलीकार्बोनेट काचेच्या सातपट-आठपट प्रसरण पावतं. १२०० मिमी रुंदीच्या शीटमध्ये तापमान ४० अंशांनी बदललं की तीन मिमीहून जास्त फरक पडतो, काचेत अर्धा मिमीसुद्धा नाही. म्हणून भोकं बोल्टपेक्षा चांगली मोठी ठेवा, मोठे रबरी वायसर लावा, आवळून टाकू नका. बोल्ट सैल होऊ नये म्हणून वापरतात ते थ्रेडलॉकर इथे लावू नका. ते पॉलीकार्बोनेटला लागलं की बारीक चिरा पडतात. नायलॉन असलेले लॉकनट वापरा. अमोनिया असलेला काच पुसायचा फवाराही नको, साबणाचं पाणी पुरे. आणि दार हलकं झाल्यामुळे जुने गॅस शॉक त्याला वर फेकतात. कमी न्यूटनचे, म्हणजे कमी जोराचे, घ्यावे लागतात.

अ‍ॅक्रिलिक ओरखड्यांना जास्त टिकतं, पण भोकाजवळ तडकतं. वर उचलून आपटल्या जाणाऱ्या दारासाठी मी ते वापरणार नाही.

घरात पडून असलेली साधी काच कापून लावली तर?

कधीच नाही. ती फुटली की सुऱ्यांसारखे लांब तुकडे होतात, आणि या दाराखाली आपण रोज डोकं घालतो.

बिनचौकटीची काच बसवायची कशी?

दोन माणसं हवीत, एक धरायला, एक बोल्ट लावायला. काच जमिनीवर उभी ठेवायची असेल तर लाकडाच्या दोन पट्ट्यांवर ठेवा, फरशीवर टेकवू नका. भोकांत नवे बुश घाला, जुने चांगले दिसत असले तरी. आधी बिजागऱ्या काचेला लावा, पण बोल्ट बोटाने फिरतील इतपतच. मग काच जागेवर धरून बिजागऱ्या कॅनॉपीला जोडा. दार हलक्या हाताने बंद करा आणि डावी-उजवी फट सारखी होईपर्यंत सरकवा. त्यानंतरच आवळा. हाताने घट्ट होईस्तोवर आणि त्यापुढे पान्याने पाव फेरा. वायसरचं रबर किंचित फुगलेलं दिसलं की थांबा. बॅटरीवर चालणारं यंत्र इथे अजिबात वापरू नका, त्याला थांबायचं कळत नाही.

हँडल त्याच पद्धतीने. शॉक सगळ्यात शेवटी, दार पूर्ण वर धरून.

रबर बीडिंगमधली काच कशी बसवतात?

दोरीने. बीडिंग काचेभोवती चढवा, जोड खालच्या बाजूला मध्यावर येऊ दे. चौकटीवर बसणारी जी बाहेरची खाच असते तिच्यात ३-४ मिमीची गुळगुळीत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवा, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून थोडी पुढे जाऊन लोंबती ठेवा. खाचेला साबणाचं पाणी लावा. एकाने बाहेरून काच चौकटीवर तळहातांनी दाबून धरायची, दुसऱ्याने आतून दोरीचं टोक काचेला समांतर, मध्याच्या दिशेने ओढायचं. दोरी निघते तसा रबराचा ओठ चौकटीच्या आत उलटून बसत जातो. ते दृश्य पहिल्यांदा बघताना समाधान वाटतं. कोपऱ्यात अडलं तर ओढाताण करू नका. बाहेरून त्या कोपऱ्यावर दाब वाढवा, साबण घाला. जुनं रबर दाबल्यावर चिरत असेल तर नवंच घ्या. काही बीडिंगमध्ये मधल्या खाचेत एक कुलूपपट्टी असते, ती शेवटी भरायची.

डकवलेली काच?

युरेथेन सीलंटची असते, ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. जुना थर पूर्ण खरवडू नका. एक-दोन मिमीचा सपाट थर ठेवून त्यावर नवा द्या. कॅनॉपीच्या फायबरला आणि काचेला त्या सीलंटसोबतचा प्रायमर लागतो. बाथरूमचं सिलिकॉन चालत नाही. हे काम सरावाच्या माणसाकडे द्या, असं माझं मत आहे.

गॅस शॉक बदलायचे का?

काच शॉक मरगळल्यामुळे गेली असेल तर हो, आणि नेहमी जोडीने. एक नवा एक जुना लावला की काच दर वेळी तिरकी उचलली जाते. नळीवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, नव्याचाही तोच हवा. ‘जरा दमदार’ म्हणून मोठा आकडा घेऊ नका. तो सगळा जोर काचेतल्या गोळीच्या भोकावर जातो. उन्हात गॅसचा दाब वाढतो, २० अंशांवरून ६० वर गेल्यावर साधारण चौदा टक्क्यांनी, त्यामुळे आधीच जादा असलेला शॉक दुपारी आणखी जड जातो. दार बंद असताना पातळ दांडा खालच्या बाजूला येईल असं लावा. आतलं तेल सीलवर राहतं आणि शॉक जास्त टिकतो.

पाणी आणि धूळ आत येते.

कागदाची पट्टी रबर आणि काच यांच्यामध्ये ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. असं चारही बाजूंनी करत जा. जिथे पट्टी अलगद निघते तिथे फट आहे. मग आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं आणि बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरूनच पाणी मारलं तर सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठे आहे ते कळत नाही. फट कुलुपाच्या पट्ट्यांचं घर थोडं आत सरकवून मिटते का ते आधी बघा. रबराखाली जाड पट्ट्या भरत सुटलात तर दार लावायला जोर लागतो, आणि तो जोर काच सोसते.

काचेवर धुकं घालवणाऱ्या तारा होत्या, वर ब्रेक लाइट होता. त्यांचं काय?

तारा काचेवरच भाजलेल्या असतात, मापाने करून घेतलेल्या काचेत त्या येत नाहीत. उरलेल्या वायरींची टोकं वेगवेगळी इन्सुलेट करून बांधून टाका, लोंबकळू देऊ नका. ब्रेक लाइट सहसा कॅनॉपीच्या छताला असतो, पण काच पडताना वायर ओढली गेलेली असते. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून बघून घ्या.

फिल्म लावू का?

आतून पारदर्शक सुरक्षा फिल्म जरूर लावा. काच फुटलीच तर खडे एकत्र धरले जातात. रंगीत फिल्म लावायची असेल तर तुमच्याकडचे नियम आधी पाहा.

नवी काच बसली. आता किती दिवस लक्ष ठेवायचं?

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट एकदा तपासा. रबरी वायसर दबतात आणि बोल्ट किंचित सैल होतात, पुन्हा पाव फेऱ्याच्या आतच आवळा. महिनाभराने हँडलच्या भोकाभोवती टॉर्च तिरका धरून बघा. काचेवर राखाडी रेघ किंवा पांढरी भुकटी दिसली तर धातू कुठेतरी लागतो आहे, तेव्हाच बुश बदला. माझ्या दुसऱ्या काचेवर ती राखाडी रेघ होती. धुतानाचा डाग समजून मी तीन वेळा पुसली होती.